खुलासा : गब्बरनं तो प्रश्न सांबाला विचारलाच नव्हता

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर एक चित्र फिरतंय. त्यावर गब्बरचा फोटो, ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ हा संवाद आणि खाली उपदेश : ‘विश्वासू सहकाऱ्याला आधी विचारा.’

‘शोले’त (१९७५) असं वाक्यच नाही. ‘कितने आदमी थे’ हा सवाल हात हलवत परतलेल्या कालियाला आहे. खडकावर बसलेल्या सांबाला गब्बर विचारतो ते सरकारनं लावलेल्या इनामाचं. ‘पूरे पचास हज़ार’ असं उत्तर तो देतो. लोकांच्या तोंडी दोन्ही एकत्र झाले.

त्याच चित्रात ‘जो डर गया, समझो मर गया’ हे धाडसाचं वचन म्हणून छापलंय. अहो, कालियासह परतलेल्या तिघांच्या डोक्याला पिस्तूल लावून, ते वाचले म्हणून खदाखदा हसून, मग तिघांनाही गोळ्या घालून गब्बर हे म्हणतो! त्यातून कसला धडा घ्यायचा ते ज्याचं त्यानं बघावं.

जाता जाता, कालिया म्हणजे आपले विजू खोटे. त्यांच्या काकू दुर्गाबाई खोटे. १९३२ साली ‘प्रभात’नं इथंच, कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामती.