दत्तक लेकरू म्हणजे गुण येण्याचं औषध नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. माझ्या मावससासूबाईंनी पाठवला होता, वर "सगळ्यांनी वाचा, फार उपयोगी आहे" असं लिहून. तुमच्याकडेही आला असेल, कारण दोन दिवसांत मला तो तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: मुली नोकरीपायी लग्न लांबवतात म्हणून मूल होत नाही. उपचारांवर पैसे उधळण्यापेक्षा आश्रमातलं मूल आणावं, आश्रम भरून वाहतायत. असं मूल घरात आलं की वर्षभरात कूस उजवते. ओळख असेल तर कागदपत्रांशिवाय दवाखान्यातूनच बाळ मिळतं. मात्र रक्ताचं ते रक्ताचंच, त्यामुळे इस्टेटीचं आधीच बघून ठेवा.

माझी लेक दहा वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. माझा फोन तिच्या हातात असतो आणि मराठी ती सरसर वाचते. "आई, कूस उजवते म्हणजे काय गं?" असं तिने विचारलं, तेव्हा मला हा मेसेज कळला. म्हणून आता एकेक वाक्य घेते.

मूल न होण्याला मुलींचं वाढतं वय जबाबदार, हे पहिलं. वयाचा मुद्दा खोटा नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत भराभर उतरते, म्हणून त्या वयात सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावं. एरवी वर्षभर थांबायला हरकत नसते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं की दर 6 जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणासोबत. आपल्याकडे क्षयरोगाने गर्भनलिका बंद झालेल्या बायाही आहेत. त्यांचं लग्न विसाव्या वर्षी झालं असतं तरी काय फरक पडला असता?

माझं लग्न चोविसाव्या वर्षी झालं. पहिली दोन वर्षं सगळ्या तपासण्या माझ्याच. सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, रक्त, पुन्हा सोनोग्राफी. नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या, असं तिसऱ्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी नमुना दिला आणि संध्याकाळी उत्तर हातात होतं. त्याला तंबाखू सोडायला लावली आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तोवर शेजारच्या डोहाळजेवणाला मला ओटी भरू दिली नव्हती. एका दिवसाची तपासणी दोन वर्षं कुणाला सुचली नाही, त्याची किंमत मी अशी मोजली.

दुसरं, आश्रम भरून वाहतायत. संस्थेत राहणारं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. कित्येकांचे आईबाप किंवा नातलग आहेत, गरिबीने किंवा आजारपणाने त्यांना तिथे ठेवलंय. सोडून दिलेल्या बाळाच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो, मगच बालकल्याण समिती ते दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते. आईने स्वतः बाळ सोपवलं तर मन बदलायला तिला 60 दिवस असतात, आणि ते असलेच पाहिजेत. देशभरात वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास मुलं दत्तक जातात, आणि नोंदणी करून रांगेत थांबलेले पालक 30,000 हून जास्त आहेत. आम्ही पावणेदोन वर्षं थांबलो, आता त्याहून जास्त थांबावं लागतं. तेव्हा जे आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, करतात ते स्वार्थी आणि आम्ही थोर, असलं काही नसतं. मीही दोनदा केलं. इंजेक्शनं थर्मासमध्ये बर्फात घालून एसटीने नेली आहेत.

तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. दत्तक घेतल्यावर दिवस गेल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात, कारण त्या सांगण्यासारख्या असतात. दत्तक घेऊनही दिवस न गेलेल्यांची गोष्ट कोण सांगणार? कारण न सापडलेल्या काही जोडप्यांना पुढे आपोआप मूल होतं, दत्तक घेतलेलं असो वा नसो. लेकीच्या बाजूने हे वाक्य वाचून बघा. ती घरात आली ती दुसऱ्या कुणाला आणायला? आणि ते दुसरं आलंच नाही, तर तिचा पायगुण वाईट?

ओळखीने बाळ आणणं हा गुन्हा आहे. बाल न्याय कायद्यात ठरलेली पद्धत सोडून अनाथ किंवा सोपवलेलं मूल दत्तक घेतलं तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाची खरेदी-विक्री केली तर 5 वर्षांपर्यंत. हिंदूंमध्ये 1956 च्या कायद्याने नात्यातल्या नात्यात दत्तकविधान होतं, ते वेगळं. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, संकेतस्थळावर होते, समाजसेविका घरी येऊन अहवाल करते. आम्हाला आदेश कोर्टाने दिला, सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात.

राहिलं रक्ताचं. दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क आहेत, वारसासुद्धा. सयाजीराव गायकवाड 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून बडोद्याला दत्तक गेले. शाहू महाराज 1884 साली कागलच्या घाटग्यांकडून कोल्हापूरला. जोतिराव-सावित्रीबाईंनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि प्लेगच्या साथीत सावित्रीबाई त्याच्या जोडीने रुग्णांसाठी राबल्या. यातल्या कुणाला आपण परकं म्हणतो?

आमच्या कपाटात एक फाइल आहे. तिच्यात संस्थेतला पहिला फोटो, लसीचं कार्ड आणि अंगावर होता तो पिवळा स्वेटर. लेक अधूनमधून ती काढते, स्वेटर मनगटावर चढवून बघते आणि परत घडी घालून ठेवते.

मी मावशींना फोन केला. त्या कळवळून म्हणाल्या, "अगं, ते तुमच्यासाठी नव्हतं पाठवलं." आता तो मेसेज सगळ्यांच्या फोनमधून खोडता येत नाही, त्यांनी करून पाहिलं. म्हणून मावशी, हे त्याच ग्रुपवर टाकतेय. तो जिथे जिथे पाठवला होता, तिथे हेही पाठवा.