‘एएफ-एफ लावा आणि विसरा’: स्क्रीनवरून फोटो काढण्याचे पाच सोनेरी नियम आणि त्यांतलं पितळ

‘डीएसएलआरच्या मागच्या स्क्रीनवरून फोटो काढणाऱ्यांसाठी पाच सोनेरी नियम’ असा एक संदेश सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, मग लेन्स बदलूनच टाकू ना?’ त्याच्याकडे सेकंडहँड निकॉन डी५६०० आहे, सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आहे, आणि नुकत्याच लागलेल्या नोकरीचे चार पैसे आहेत. ते पैसे कोण्या अनामिकाच्या चौथ्या नियमापायी जायला निघालेत म्हटल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

ते नियम थोडक्यात असे. एक, निकॉन असो वा कॅनन, स्क्रीनवरून शूट करताना एएफ-एफ (सतत फोकस करत राहणारा मोड) लावा आणि विसरून जा, फोकस कधीच चुकणार नाही. दोन, चेहरा ओळखणारा मोड कायम चालू ठेवा, बाकीचे मोड हौशी लोकांसाठी आहेत. तीन, स्क्रीनवरची फोकसची चौकट हिरवी झाली की फोटो शार्प आलाच. चार, स्क्रीनवर फोकस रेंगाळतो तो स्वस्त किट लेन्समुळे. ५० एमएम १.८ लेन्स घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. पाच, लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर चित्र बघत फोटो काढण्याने, सेन्सर जळतो, म्हणून प्रोफेशनल लोक तो वापरतच नाहीत.

पाचवा नियम खरा असेल तर पहिले चार कशाला लिहिले, हे लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं. असो.

मोड कुठला लावायचा हे ठरवण्याआधी त्या वेळी फोकस कोण लावतंय हे माहीत असावं लागतं, आणि पाचही नियमांत त्याचा पत्ता नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावता तेव्हा लेन्समधून आलेल्या प्रकाशातला काही भाग डीएसएलआरच्या आतल्या मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे जातो. तो लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा ताडून पाहतो आणि फोकस कुठल्या दिशेला, किती सरकवायचा हे एका फटक्यात सांगतो. लाइव्ह व्ह्यू सुरू केला की आरसा वर जातो आणि खालच्या त्या सेन्सरला अंधार होतो. मग डी५६००सारख्या कॅमेऱ्यांत हे काम मुख्य सेन्सरवर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो त्यावर, येतं आणि त्याची रीत वेगळी आहे. लेन्स थोडी सरकवायची, चित्रातला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) वाढला का बघायचं, आणखी सरकवायची. तंबोरा जुळवताना खुंटी पिळून स्वर किंचित वर गेला की मग खाली आणतात, तसंच हे. शिखर ओलांडल्याशिवाय शिखर कुठे होतं ते कॅमेऱ्याला कळत नाही. स्क्रीनवर फोकस पुढे-मागे होताना दिसतो तो यामुळे. लेन्स बिघडलेली नसते.

आता तो चौथा नियम. लेन्सचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. संबंध आहे, पण संदेशात म्हटलंय त्याच्या बरोब्बर उलटा. वरच्या रीतीत मोटरला पटापट छोटी छोटी पावलं टाकायची असतात, थांबायचं असतं, परत फिरायचं असतं. जुन्या लेन्सच्या मोटरी, अगदी महागड्यासुद्धा, एका झेपेत इच्छित जागी जाण्यासाठी बनवलेल्या होत्या. २०१६ साली निकॉनने १८-५५च्या किट लेन्समध्ये एएफ-पी नावाची, छोट्या पावलांनी फिरणारी स्टेपिंग मोटर घातली, आणि स्क्रीनवरून फोकस करायला ती चांगलीच चपळ आणि शांत आहे. कॅननच्या एसटीएम, म्हणजे स्टेपिंग मोटरच्याच, लेन्सची गोष्टही तीच. म्हणजे ज्या ‘स्वस्त’ लेन्सला हा महाभाग शिव्या घालतोय, ती या एका कामापुरती अनेक भारी लेन्सपेक्षा सरस असू शकते. भाच्याच्या लेन्सवर एएफ-पी लिहिलेलं आहे. मी फोनवर वाचून घेतलं.

आणि ‘जुनी मिळाली तरी चालेल’ हे तर केवळ धन्य आहे. निकॉनच्या डी३०००च्या आणि डी५०००च्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डी३५००, डी५६०० वगैरे, बॉडीत फोकसची मोटर नसते. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळते ती ५० एमएम एफ/१.८डी, आणि तिच्या आतही मोटर नाही. ती बॉडीच्या मोटरवर चालते. दोघांचं लग्न लावलंत तर ऑटोफोकस हळू होणार नाही, होणारच नाही. ना स्क्रीनवर, ना व्ह्यूफाइंडरमधून. हाताने रिंग फिरवत बसायचं. नावात एएफ-एस असलेली ५० एमएम १.८जी त्या बॉडीवर ऑटोफोकस करते आणि लेन्स म्हणून उत्तम आहे. कमी उजेडात, पोर्ट्रेटला जरूर घ्या. पण स्क्रीनवरचा फोकस वेगवान व्हावा म्हणून घेणार असाल तर पैसे बँकेत असू द्या.

मग फोकस लागत का नाही? याचं उत्तर निकॉनने स्वतः छापून ठेवलंय. या कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये लाइव्ह व्ह्यूच्या प्रकरणात, कॉन्ट्रास्टवर चालणारा हा फोकस कुठे कुठे अडतो त्याची यादीच दिली आहे. हे मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, तरी लोक फॉरवर्ड वाचतात. यादीत कॉन्ट्रास्ट नसलेला विषय आहे, ट्यूबलाइट आणि सोडियमच्या दिव्यांचा उजेड आहे, चौकटीपेक्षा लहान विषय आहे, खिडक्यांच्या रांगेसारखी एकसारखी नक्षी आहे, हलणारा विषय आहे. आणि एक गोष्ट अशी, की जी वाचून बहुतेकांना नवल वाटतं: फ्रेमच्या लांब कडेला समांतर असलेल्या रेषा. कॅमेरा आडवा धरून तुम्ही घाटाच्या पायऱ्यांवर किंवा दुकानाच्या बंद शटरवर चौकट ठेवलीत, तर कॅमेरा चाचपडत बसतो. उपाय फुकटचा आहे. कॅमेरा उभा किंवा तिरका करा, शटरचं बटण अर्धं दाबून फोकस धरा, दाबलेलं बोट न उचलता कॅमेरा पुन्हा आडवा करा आणि फोटो घ्या. मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसत असतील तर मेनूत फ्लिकर रिडक्शन ५० हर्ट्झवर आणा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. यातलं काहीही लेन्सच्या दुकानात मिळत नाही.

पहिल्या नियमाकडे येते. एएफ-एफ हे निकॉनच्या मेनूतलं नाव आहे. ‘निकॉन असो वा कॅनन’ म्हणणाऱ्याने कॅननचा मेनू उघडून पाहिलेला नाही हे उघड आहे. त्यात अर्धं सत्य एवढंच की एएफ-एफ सतत फोकस करत राहतो, आणि व्हिडिओत एखादी व्यक्ती संथपणे चालत येत असेल तर त्याचा उपयोग होतो. मान्य. पण फोटोसाठी? मॅन्युअल स्वच्छ सांगतं की शटरचं बटण अर्धं दाबलं की एएफ-एफमध्येही फोकस लॉक होतो. म्हणजे तुम्ही बटण दाबायला लागलात की ‘सतत’ संपलं. व्ह्यूफाइंडरमधून वापरायचा एएफ-सी अर्धं बटण दाबून ठेवलेलं असताना विषयाचा माग काढत राहतो. एएफ-एफ तसं करत नाही. दोन्ही नावांत एएफ आहे म्हणून लोक त्यांना सख्खे भाऊ समजतात. पळणाऱ्या मुलाचा किंवा लेझीमच्या पथकाचा फोटो हवा असेल तर लाइव्ह व्ह्यू बंद करा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावा आणि एएफ-सी घ्या. स्क्रीनवर कुठलाही मोड लावलात तरी या वर्गातल्या कॅमेऱ्यांत ते काम नीट होत नाही.

स्थिर गोष्टीसाठी तर एएफ-एफ निव्वळ त्रास आहे. देवघरातली समई, ताटातले पदार्थ, भिंतीवरचं वारली चित्र, यांतलं काही हलतंय का? तरी मधून एखादा हात गेला, उजेड बदलला, की कॅमेरा पुन्हा शोधाशोध सुरू करतो आणि बॅटरी खातो. तिथे एएफ-एस मोड लावा (लेन्सच्या नावातल्या एएफ-एसशी याचा संबंध नाही). बटण अर्धं दाबलं, फोकस लागला, थांबला. बारीक जागेवर, समजा नथीतल्या मोत्यावर, फोकस हवा असेल तर एएफ-एसबरोबर नॉर्मल-एरियाची छोटी चौकट घ्या. मॅन्युअल तिच्यासोबत ट्रायपॉड सुचवतं, आणि ते बरोबर आहे. हातात धरून निसर्गदृश्य काढत असाल तर वाइड-एरियाची मोठी चौकट पुरते.

कॅननवाल्यांचं वेगळं आहे, आणि त्यातही दोन तट आहेत. १३००डीसारख्या बॉडीत स्क्रीनवर कॉन्ट्रास्टवालाच फोकस आहे. पण तिथे क्विक मोड नावाची सोय आहे: आरसा क्षणभर खाली येतो, स्क्रीन काळी होते, नेहमीचा फोकस सेन्सर आपलं काम करतो आणि चित्र परत दिसतं. दिसायला गावठी, पण वेगवान. याउलट २०१३च्या ७०डीपासून कॅननने ड्युअल पिक्सेल सीमॉस नावाचं सेन्सरचं तंत्र आणलं. त्यात फ्रेमच्या साधारण ८० टक्के रुंदी-उंचीत सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला असतो, त्यामुळे आरसा वर असतानाही दिशा आणि अंतर कळतं. २०१७च्या २००डीमध्येही तेच आहे. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शन (दोन प्रतिमा ताडून फोकस लावण्याची रीत) यायला डी७८०, म्हणजे २०२० साल उजाडावं लागलं. आता १३००डी, २००डी आणि डी५६०० या तिघांना एकच नियम कसा लागू पडेल?

हिरव्या चौकटीचं. त्याच मॅन्युअलमध्ये चक्क इशारा आहे की फोकस लागलेला नसतानाही चौकट कधी कधी हिरवी दिसू शकते. यावर मी काय बोलणार! आणि खरोखर लागलेला असला तरी तो कशावर लागलाय हे चौकट सांगत नाही. वाइड-एरियाची मोठी चौकट तारेवर बसलेल्या वेड्या राघूवर ठेवलीत तर मागची झाडं टिपली जाऊन ती खुशाल हिरवी होते. खात्री करायची तर झूम-इनचं बटण दाबून स्क्रीनवर चित्र मोठं करून बघा. लाइव्ह व्ह्यूची सगळ्यात मोलाची सोय तीच आहे, आणि पाच नियमांत तिचं नावही नाही. फोटोची प्रतिमा ज्या सेन्सरवर उमटते त्याच्यावरूनच इथे फोकस ठरतो, म्हणून व्ह्यूफाइंडरच्या फोकसमध्ये पुढे-मागे असा जो फरक पडू शकतो तो इथे पडत नाही. डी५६००मध्ये तो फरक दुरुस्त करायची फाइन-ट्यूनची सोय नाही, त्यामुळे ट्रायपॉडवर स्थिर विषय असेल तर स्क्रीनच जास्त भरवशाची.

चेहरा ओळखणारा मोड चांगला आहे, समोर बघणाऱ्या माणसासाठी. मान वळली, पदर आडवा आला, की चेहऱ्याभोवतीची चौकट गायब होते. चेहरे अनेक असले तर कॅमेरा सगळ्यात जवळचा निवडतो. वरमाला घालतानाच्या फोटोत सगळ्यात जवळ कोण असतो? मोबाइल उंचावून मध्ये घुसलेला कुणीतरी मामा. डी५६००ची स्क्रीन स्पर्शाने चालते, तेव्हा हव्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवा. विषयाचा माग काढणारा सब्जेक्ट-ट्रॅकिंग मोडही हळदीच्या कार्यक्रमात गोंधळतो, कारण विषयाचा रंग पार्श्वभूमीसारखाच असला की त्याला माग ठेवता येत नाही, आणि तिथे तर झेंडूच्या माळांपासून नवरीपर्यंत सगळंच पिवळं.

राहिला सेन्सर जळण्याचा नियम. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही. फ्रेम जुळवताना त्यांचा सेन्सर सतत उघडा आणि चालू असतो. लाइव्ह व्ह्यूने सेन्सर जळत असता तर ते कॅमेरे पहिल्याच आठवड्यात दुकानात परत आले असते. प्रोफेशनल वापरत नाहीत म्हणे! वस्तूंची आणि मॅक्रो छायाचित्रं काढणारे रोज वापरतात, आणि कॅननने २००५ साली आकाशछायाचित्रणासाठी २०डीए काढला तेव्हा ताऱ्यांवर नेमका फोकस करता यावा म्हणूनच त्यात लाइव्ह व्ह्यू दिला होता. यातलं खरं एवढंच की लेन्स, विशेषतः लांब पल्ल्याची, सूर्यावर रोखून लाइव्ह व्ह्यू चालू ठेवू नये, त्याने आतल्या भागांना खरंच इजा होऊ शकते. शिवाय फार वेळ चालू ठेवला की कॅमेरा तापतो आणि फोटोत नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. त्याची काळजी कॅमेराही घेतो: निकॉनमध्ये लाइव्ह व्ह्यू आपोआप बंद होण्याआधी ३० सेकंदांची उलटी मोजणी स्क्रीनवर येते. कॅमेरा तापलेला असताना ती दिसली तर स्वतःच बंद करा, आणि थोडा वेळ सावलीत ठेवा.