निवेदक हवाच का?

एका लेखात म्हटलंय की जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी रेडिओवर आणायची तर निवेदकाशिवाय भागत नाही, ऐकणारा हरवतो. मला हे पूर्ण पटलं नाही. नायक ब्लूमचे विचार माइकच्या अगदी जवळून, दबक्या आवाजात आले आणि बाकीचं डब्लिन जरा लांबून ऐकू आलं, की मनातलं कुठलं आणि रस्त्यावरचं कुठलं हे कान आपोआप ओळखतो. सिनेमात मात्र पडद्यावर नट गप्प उभा आणि मागून त्याचाच आवाज, हे मला कायम कृत्रिम वाटतं.

खरी पंचाईत दुसरीकडेच आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीतलं प्रकरण मथळ्यांनी तोडलेलं आहे. ते मथळे वाचून दाखवले तर गंमत जाते, गाळले तर प्रकरणाचा घाटच जातो. उलट ‘सायरन्स’ हे प्रकरण सुरूच होतं ते सुट्या ध्वनींच्या तुकड्यांनी. यापेक्षा रेडिओला आणखी काय हवं! ब्लूमची बायको मॉली, तिच्या स्वगतात विरामचिन्हं जवळपास नाहीतच, तेव्हा श्वास कुठे घ्यायचा हे नटीनं ठरवलं की अर्थही तिनंच ठरवला.

बीबीसीच्या २०१२ च्या रूपांतरात निवेदक होता, मान्य. पण १९८२ साली आयर्लंडच्या आरटीई या सरकारी प्रसारण संस्थेनं रेडिओवर अख्खी कादंबरी, एक शब्द न गाळता, जवळजवळ ३० तास ऐकवली होती. लेखात त्या प्रसारणाचा उल्लेखही नसावा? (आणि हो, ३० तास सलग कोणी ऐकणार नाही, ठाऊक आहे.) कात्री लावायचीच असेल तर निदान ब्लूमचं उगाच भटकणं तरी कापू नका. घटना कमी झाल्या तरी चालेल.