पहिल्या आलेल्या गाडीत वजन टाकतात म्हणे!

माझी भाची नववीत आहे आणि तिला फॉर्म्युला वनचा नाद आहे. २०२५च्या डिसेंबरात अबू धाबीला मॅक्लारेन टीमचा लँडो नॉरिस रेडबुलच्या मॅक्स व्हर्स्टापेनपेक्षा दोन गुण जास्त घेऊन जगज्जेता झाला, तेव्हा शेवटच्या दहा फेऱ्यांचं समालोचन तिने मला फोनवरून ऐकवलं होतं. परवा फोन आला तर आवाज उतरलेला. ‘मामा, नॉरिसला मुद्दाम जिंकवलं का?’ कोण म्हणतं, असं विचारलं, तर पप्पांच्या फोनवर आलंय. संध्याकाळी दाजींनी तोच मजकूर घरच्या ग्रुपवरही टाकला, वर ‘विचार करण्यासारखं’ असा शेरा मारून. दाजी, तुमचा मान ठेवून सांगतो, विचार केला. आता ऐका.

मजकुराचं सार असं. फॉर्म्युला वनमध्ये जिंकणाऱ्या टीमच्या गाडीत वजन टाकून ती हळू करतात. पहिल्याचा विंड टनेलमधला, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांचा, वेळ कापून शेवटच्याला देतात. श्रीमंत टीमच्या खर्चावर टाच आणून तो पैसा गरीब टीमना वाटतात. फेरारीचा चालक मायकेल शूमाकर याच्या काळात हे थेर नव्हते, तेव्हा निव्वळ गुणवत्ता होती. म्हणून मॅक्लारेनचं विजेतेपद हे ‘दिलेलं’ विजेतेपद. मध्येच एक टाळीचं वाक्य आहे: उद्या बैलगाडा शर्यतीत पहिल्या आलेल्या जोडीच्या पायात बेड्या घालणार का? शेवटी एक ओळ आहे, तिच्याकडे नंतर येतो, कारण सगळा मजकूर त्या ओळीसाठीच रचलाय.

वजनाचं आधी उरकतो. ते धादांत खोटं आहे. २०२५मध्ये गाडीचं किमान वजन चालकासह ८०० किलो होतं, आणि ते दहाही टीमना सारखं. वजन टाकतात ते एकाच ठिकाणी: चालक हलका असेल तर त्याच्या आसनापाशी, ८२ किलो भरेपर्यंत. म्हणजे काटकुळ्या पोराला फायदा मिळू नये म्हणून. यात कोण पहिला, कोण शेवटचा, याचा संबंधच नाही.

लिहिणाऱ्याने हे कुठून उचललं तेही कळतं. जपानच्या सुपर जीटी मालिकेत मिळवलेल्या गुणांप्रमाणे पुढच्या शर्यतीला वजन वाढतं. ब्रिटनच्या टुरिंग कार शर्यतीत २०२१पर्यंत ७५ किलोपर्यंत वजन लादायचे. ल मां या २४ तासांच्या शर्यतीत तर वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्या जुळवून घ्यायला वजन आणि शक्ती दोन्ही ठरवून देतात. २०२३ला शर्यतीच्या तोंडावर टोयोटाला ३७ किलो आणि फेरारीला २४ किलो वाढवून दिले, आणि वरच्या गटात ५० वर्षांनी परतलेली फेरारी जिंकली. तेव्हा मीही कुरकुरलो होतो, हे कबूल. पण ती वेगळी शर्यत, वेगळी नियमावली. कुस्तीचा नियम कबड्डीला लावून पंचाला शिव्या घालण्यातला हा प्रकार.

आता विंड टनेल. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करायला माझ्या जिवावर येतंय. पहिल्याला कमी आणि शेवटच्याला जास्त, हे खरं आहे. एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेच्या नियमावलीच्या परिशिष्टात त्याचा सरळसोट तक्ता आहे, आणि अर्ध्या तासात सापडतो. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या एकानेही तो उघडलेला नाही, हे मी छातीठोक सांगतो. तक्ता असा: १०० टक्के म्हणजे एका टप्प्यात ३२० रन, वर्षात असे सहा टप्पे. २०२२पासून गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या टीमला त्यातले ७० टक्के, दुसऱ्याला ७५, अशी पाच-पाचने चढण, दहाव्याला ११५. जूनअखेरीस त्या वर्षीच्या क्रमांकाप्रमाणे पुन्हा मोजणी होते. म्हणजे विजेत्याला २२४ रन आणि शेवटच्याला ३६८.

पण हे रन कशाचे? खऱ्या गाडीचे नव्हेत. फार तर ६० टक्के आकाराचं मॉडेल बोगद्यात टांगायचं, त्यावर वारा सोडायचा आणि मोजमापं घ्यायची. नवा पंख, नवा तळ चालेल की नाही ते तपासायचं. कॉम्प्युटरवरच्या हवेच्या गणितालाही अशीच मर्यादा आहे. रविवारी संध्याकाळी साडेसहाला जी गाडी ग्रिडवर उभी राहते तिचा कोणी स्क्रूसुद्धा सैल करत नाही. बैलगाड्याचंच बोलायचं तर जोडीच्या पायात काही नाही, घाटात सरावाच्या फेऱ्या तेवढ्या मोजून दिल्यात. शर्यतीच्या दिवशी घाट सगळ्यांना एकच.

आणि जास्त वेळ मिळाला की जिंकतातच, असं असतं तर बोलायलाच नको होतं. मॅक्लारेन २०२३ला चौथी आली, म्हणून २०२४ सुरू होताना तिला ८५ टक्के. रेडबुलला ७०. हा फरक मॅक्लारेनच्या कामी आला असणार, नाही म्हणत नाही. पण त्याच तक्त्यात सहाव्या अल्पीनला ९५ टक्के होते. मॅक्लारेनपेक्षा जास्त! ती अल्पीन २०२५ला कितवी आली? दहावी. दहापैकी दहावी. ११५ टक्के घेऊन २०२५ सुरू करणारी सॉबर? नववी. आणि ज्या मॅक्लारेनला ‘दिलं’ म्हणतात, ती २०२४ची विजेती असल्याने २०२५ला ७० टक्क्यांवर होती, जूननंतरही ७०वरच, कारण तेव्हाही तीच पहिली. त्या वर्षी तिच्यापेक्षा कमी वेळ कुणालाच नव्हता. सगळ्यात कमी मिळालं त्यालाच ‘खैरात मिळाली’ म्हणायचं, हे मला जमत नाही.

मॅक्लारेनने काय केलं ते सांगायला दोन ओळी पुरतात, पण मजकुरात त्या नाहीत. २०२३च्या पहिल्या शर्यतीत बहारीनला त्यांची एक गाडी बंद पडली आणि नॉरिस १७वा आला. आंद्रेया स्टेला नुकताच टीमप्रमुख झाला होता, त्याने तांत्रिक विभागाची मांडणी बदलली. तोवर ते जर्मनीत कोलोनला जाऊन टोयोटाचं विंड टनेल भाड्याने वापरत होते. इंग्लंडात वोकिंगमधलं स्वतःचं त्याच वर्षी सुरू झालं. रेडबुलमधून अभियंता रॉब मार्शल आला. २०२४ला १९९८नंतर पहिल्यांदा टीमचं विजेतेपद. ही खैरात असेल तर दाजींनी मला तिचा अर्ज मिळवून द्यावा.

खर्चाच्या मर्यादेवर फार वेळ घालवत नाही. कोणाचा पैसा काढून कोणाला वाटत नाहीत. २०२१ला १४ कोटी ५० लाख डॉलरची मर्यादा आली, २०२३ ते २०२५ मूळ आकडा १३ कोटी ५० लाख होता, त्यात शर्यतींची संख्या आणि महागाई धरून फेरफार. चालकांचे पगार आणि सगळ्यात महागडे तीन अधिकारी यातून बाहेर. मर्यादा ओलांडली तर काय? रेडबुलने २०२१ला ओलांडली. ७० लाख डॉलर दंड आणि विंड टनेलमध्ये आणखी १० टक्के कपात, म्हणजे ७०चे ६३ झाले. एवढं कापल्यावर ‘हळू केलेल्या’ रेडबुलने २०२३ला २२पैकी २१ शर्यती जिंकल्या. एकट्या व्हर्स्टापेनने १९. उरलेली सिंगापूरची सायन्झने फेरारीतून. अशी शिक्षा सगळ्यांना मिळो. माझी तक्रार उलट आहे: दंड किरकोळ होता, आणि ज्यांनी मर्यादेच्या आधीच कारखाने उभारून ठेवले त्यांना ती जाचलीच नाही. शिवाय मर्यादा उशिरा आली. एचआरटी, कॅटरहॅम, मॅनॉर या टीम तोवर बुडाल्या होत्या. आपली फोर्स इंडिया तुटपुंज्या पैशात २०१६ आणि २०१७ला चौथी आली आणि २०१८च्या जुलैत दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. मालक विजय मल्ल्याच्या भानगडी होत्याच, पण चौथ्या क्रमांकाची टीम अशी कोलमडते म्हणजे खेळाचं गणितच चुकलेलं होतं.

आता ‘शूमाकरच्या काळात’. हे वाचून मला हसू आवरेना. २००२ला शूमाकरने जुलैतच विजेतेपद खिशात घातलं, लोक कंटाळले, आणि २००३ला गुण बदलले. दुसऱ्याला सहाऐवजी आठ. त्या वर्षी सहा शर्यती जिंकलेला शूमाकर एकच जिंकलेल्या रायकोनेनच्या पुढे जेमतेम दोन गुणांनी राहिला. २००५ला शर्यतीत टायर बदलायला बंदी आली. शूमाकर वर्षभरात एकच शर्यत जिंकला, इंडियानापोलिसची, जिथे धावल्याच मुळी सहा गाड्या. त्याआधी विल्यम्सने १९९२ आणि १९९३ गाजवल्यावर १९९४पासून गाडीची उंची आपोआप सांभाळणारं अॅक्टिव्ह सस्पेन्शन बंद केलं. नियम बदलून पुढच्याला मागे खेचायची खोड जुनीच आहे. उलट तेव्हाचे घाव थेट गाडीवर आणि गुणांवर पडायचे.

आणि राखीव वाटाच शोधायचा असेल तर तो सापडेल, फक्त शेवटच्या रांगेत नाही. १९५०पासून खेळते म्हणून फेरारीला बक्षिसाच्या रकमेतून खास वेगळा हिस्सा मिळतो, कितवीही आली तरी. नवे नियम अडवण्याचा नकाराधिकारही आहे, तो फक्त फेरारीला. यावर एकही मजकूर मला कुणी पाठवलेला नाही.

आता ती शेवटची ओळ. ‘जे ट्रॅकवर चाललंय तेच देशात चाललंय, सुज्ञांस सांगणे न लगे.’ म्हणजे फॉर्म्युला वन हे नुसतं वाहन, आत बसलेली सवारी दुसरीच. आरक्षणावर ज्याला जे म्हणायचंय त्याने ते उघड म्हणावं, बाजूने म्हणा की विरोधात. त्याचे आकडे वेगळे, इतिहास वेगळा. यातली ‘गरीब बिचारी’ २०२५ची शेवटची टीम म्हणजे अल्पीन ही रेनो कंपनीची आहे. रेनोला वाऱ्याचे जास्त रन मिळतात आणि माणसांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं होतं, या दोन गोष्टी एका वाक्यात बसवायच्या तर लाज बाजूला ठेवावी लागते. नववीतल्या पोरीच्या खेळावर बसवून हा माल घरात आणला, याचा मला जास्त राग आहे.

दाजींना तक्ता पाठवलाय. भाचीलाही पाठवला. तिने तो नीट वाचला, आणि रात्री फोन केला.

‘मामा, पण मग सगळ्यांना सारखेच ३२० का नाही देत?’

‘२०२०पर्यंत सारखेच होते. आणि मर्सिडीजने ओळीने सात वर्षं चालकाचं आणि टीमचं, दोन्ही विजेतेपदं नेली.’

‘म्हणजे मर्सिडीज चांगली होती.’

‘होतीच,’ मी म्हणालो.