बर्फावर घसरलात म्हणून तिकीट आपोआप उडत नाही

गेल्या महिन्यात आमच्या मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. नाशिकचा, न्यू जर्सीतला त्याचा पहिलाच हिवाळा. "काका, पोलीस कोर्टात येणारच नाही असं वाचलं होतं मी. तो आला. शिवाय व्हिडिओ घेऊन आला."

त्याने वाचलेला मेसेज मलाही चार ग्रुपांवरून आला आहे. तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा : बर्फावरून गाडी घसरून अपघात झाला आणि तिकीट (वाहतुकीचा नियम मोडल्याची पोलिसांची नोटीस) मिळालं तर घाबरू नका. बर्फ ही नैसर्गिक आपत्ती, तेव्हा कायद्याने तुमचा दोष नाही. तुम्ही स्पीड लिमिटच्या आत असाल तर काहीच सिद्ध होत नाही. पोलिसाने अपघात पाहिलेला नसतो, तारखेला तो येत नाही आणि केस उडते. कोर्टात जायचा कंटाळा असेल तर ऑनलाइन पैसे भरून टाका, लायसन्सवर दंडाचे दोनच पॉइंट बसतात. आणि तिकीट उडालं की इन्शुरन्स कंपनीलाही प्रीमियम वाढवता येत नाही.

मी वकील नाही. पण मंडळातल्या कितीतरी जणांबरोबर म्युनिसिपल कोर्टाच्या बाकांवर बसलो आहे आणि एकदा स्वतःच्याही तिकिटासाठी गेलो आहे. हा मेसेज लोकांचं नुकसान करतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. जे लिहितो ते न्यू जर्सीपुरतं. मेसेज मात्र सगळ्या राज्यांत फिरतो, आणि न्यूयॉर्क शहरात तर तिकिटाची सुनावणी वेगळ्याच ब्युरोत होते, तिथे तडजोड हा प्रकारच नाही.

आधी नैसर्गिक आपत्ती आणि स्पीड लिमिट. हे दोन मुद्दे वेगळे दिसतात, पण दोन्हींची चूक एकच आहे. घसरल्यावर अशा वेळी सहसा मिळतं ते केअरलेस ड्रायव्हिंगचं तिकीट, कलम ३९:४-९७. त्यात स्पीड लिमिटचा उल्लेखच नाही. पुरेशी काळजी न घेता, माणसाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशी गाडी चालवली का, एवढंच ते कलम विचारतं. त्याला लागूनच ३९:४-९८ आहे. हवामानामुळे किंवा रस्त्याच्या स्थितीमुळे खास धोका असेल तिथे वेग त्या मानाने कमी करावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ताशी पन्नास मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर भुरभुर बर्फ पडत असताना तुम्ही पंचेचाळीसने चालला होतात, तर लिमिटच्या आत होतात हे खरं, पण त्याने काही सिद्ध होत नाही. रॅम्पवरच्या, म्हणजे हायवेवर चढायच्या-उतरायच्या रस्त्यावरच्या, पिवळ्या पाटीवर २५ लिहिलेलं असतं, तो सल्ला आहे, कायदेशीर मर्यादा नव्हे. तरी न्यायाधीश त्या पाटीबद्दल विचारणारच.

मग बर्फाचा काहीच उपयोग नाही का? आहे, खूप आहे. फक्त मेसेज सांगतो तसा नाही. प्रश्न असा असतो की तो बर्फ तुम्हाला दिसण्यासारखा, अपेक्षित होता का. रात्रभर बर्फ पडलाय, हवामान खात्याने आदल्या संध्याकाळपासून इशारा दिलाय, शाळा दोन तास उशिरा उघडणार आहेत, आणि तुम्ही सात वाजता हायवेवर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालला आहात. तिथे बर्फ तुमच्या बाजूने बोलत नाही, विरुद्ध बोलतो. कारण तो आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. उलट तीन दिवस कोरडं ऊन पडलंय, रस्ता डांबरासारखा डांबर दिसतोय आणि एकाच जागी कुठूनतरी झिरपलेलं पाणी पहाटे गोठून काच झालंय, तर जपून चालवणाऱ्याची गाडीही तिथे फिरू शकते. ब्लॅक आइस म्हणतात तो हाच, त्याच्या आरपार डांबर दिसतं म्हणून. पुलावरही तेच : जमिनीची ऊब पुलाला मिळत नाही, वरून-खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, म्हणून रस्ता ओला असतानाच पूल गोठलेला असतो. पण पुलाआधी तशी पाटी असेल तर 'मला कल्पना नव्हती' म्हणणं अवघड जातं, हेही लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी सांगितली जात नाही. नुसता अपघात झाला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असं होत नाही. न्यू जर्सीत ट्रॅफिकच्या तिकिटालाही फौजदारी खटल्याचाच निकष आहे, वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. त्यामुळे लढण्यासारखी केस असते. पण ती पुराव्यावर लढायची.

आता पोलिसाचा मुद्दा. सगळ्यांत जास्त विश्वास लोकांचा यावर, आणि सगळ्यांत जास्त माणसं फसतात तीही इथेच.

एक तर पहिली तारीख बहुतेक वेळा खटल्याची नसतेच. त्या दिवशी, हल्ली कित्येकदा व्हिडिओवर, तुम्हाला आरोप सांगतात, गिल्टी की नॉट गिल्टी विचारतात, प्रॉसिक्यूटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी, बोलणं होतं. पोलिसाला त्या दिवशी बोलावलेलंच नसतं, तेव्हा तो दिसला नाही म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. खटल्याच्या दिवशी तो खरोखर आला नाही तर न्यायाधीश पुढची तारीख देऊ शकतात, आणि देतात. वारंवार गैरहजर राहिला तर केस निकालात निघते, हे मी पाहिलं आहे. पण त्या भरवशावर घरून निघू नका.

दुसरं, त्याने अपघात पाहिलेला नसतो हे खरं असूनही त्याने फारसं बिघडत नाही. तो गाडी कुठे थांबली ते सांगतो, खुणा सांगतो, रस्ता कसा होता ते सांगतो. दुसरी गाडी असेल तर तिचा चालक साक्षीला येतो. आणि मुख्य म्हणजे तुम्ही स्वतः तिथे काय बोललात ते सांगतो. २०२१ पासून इथल्या गस्तीवरच्या गणवेशातल्या पोलिसांच्या छातीवर कॅमेरा असतो. नाशिकच्या मुलाच्या व्हिडिओत काय होतं? तो थंडीने कुडकुडत गार्डरेलजवळ उभा आहे आणि म्हणतो आहे, "सॉरी सर, आय वॉज अ लिटल फास्ट, सॉरी." आपल्याला लहानपणापासून असंच शिकवलंय, मोठ्या माणसासमोर आधी सॉरी म्हणायचं. तो खरंच वेगात होता का, हे त्याला आजही सांगता येत नाही. पण कोर्टाने ते वाक्य कबुली म्हणून ऐकलं.

पोलिसाशी खोटं बोला असं मी मुळीच म्हणत नाही. थांबा, कुणाला लागलंय का पाहा, लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड द्या, विचारलं ते नम्रपणे सांगा. पण जे नक्की माहीत नाही त्याचा अंदाज बांधून सांगू नका. 'नक्की आठवत नाही' हे खरं असेल तर तेच उत्तर.

आणि तो व्हिडिओ तुम्हालाही मागता येतो. हे मेसेजमध्ये असायला हवं होतं! प्रॉसिक्यूटरला लेखी पत्र द्यायचं : अपघाताचा रिपोर्ट, पोलिसाच्या नोंदी, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. रिपोर्टमध्ये रस्त्याची स्थिती, हवामान, उजेड यांचे रकाने असतात. पोलिसाने स्वतःच तिथे बर्फासाठीचा सांकेतिक आकडा भरलेला असतो, आणि तो तुमच्या कामाचा आहे. रेकॉर्डिंग कायमचं ठेवत नाहीत, म्हणून पत्र लवकर जायला हवं. स्वतःजवळचं जमवा : जागेचे फोटो, डॅशकॅम, टायरची पावती, जवळच्या केंद्राची त्या सकाळच्या तापमानाची नोंद. त्याच जागी तासाभरात दुसरी गाडी घसरली असेल तर तेही विचारून ठेवा. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल, किंवा साक्षीला भारतातून आलेली आई असेल, तर दुभाषा आधीच मागा. कोर्ट तो मोफत देतं.

ऑनलाइन भरून टाकणं. भरणं म्हणजे गिल्टी म्हणणं, मग कारण काहीही असो. केअरलेसचे दोन पॉइंट खरे, दंड ५० ते २०० डॉलर, वर कोर्टाचा खर्च. कागदावर पंधरा दिवसांपर्यंत कैदही आहे, नुसत्या घसरण्यासाठी ती झालेली मी पाहिलेली नाही. पण 'दोनच' म्हणण्याआधी तिकिटावरचा कलमाचा आकडा वाचा. पुढच्या गाडीला मागून धडकलात तर कित्येकदा ३९:४-८९ लावलेलं असतं, अंतर न ठेवल्याचं, आणि त्याला पाच पॉइंट आहेत. तीन वर्षांत सहा झाले की राज्याला सरचार्ज भरायचा, १५० डॉलर आणि वरच्या प्रत्येक पॉइंटला २५. पोकोनोजच्या डोंगरात फिरायला जाताना शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात तिकीट मिळालं असेल तर त्याचेही दोन पॉइंट इकडे येऊन बसतात. कुणाला इजा झाली असेल तर ऑनलाइन भरण्याचा मार्गच बंद असतो, कोर्टात जावंच लागतं.

प्रॉसिक्यूटरशी बोलून आरोप 'अनसेफ ड्रायव्हिंग' या सौम्य कलमावर आणता येतो. पहिल्या दोन वेळांना त्याला पॉइंट नाहीत, पण दंडावर २५० डॉलर जादा लागतात. बऱ्याच जणांना ते परवडतं. कोर्टात उभं राहून कबुली देणार असाल आणि समोरच्याच्या गाडीचं नुकसान झालं असेल किंवा माणूस जखमी असेल, तर त्या वेळीच 'सिव्हिल रिझर्व्हेशन' मागा. न्यायाधीशांनी ते दिलं तर तुमची कबुली पुढे भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. हे दोन शब्द मला माझ्या वेळी कुणी सांगितले नव्हते. शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी गुजराती बाईंनी सांगितले. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

इन्शुरन्सबद्दलचा दावा साफ चूक. कंपनी आपला दोष-निवाडा स्वतः करते, कोर्टात काय झालं त्याला ती बांधलेली नाही. न्यू जर्सीला 'नो-फॉल्ट' राज्य म्हणतात त्यावरून हा गैरसमज झाला असावा. ते नो-फॉल्ट उपचारांच्या खर्चापुरतं आहे. गाडीच्या नुकसानीत दोष कुणाचा हे पाहिलंच जातं.

एच-वन-बीवरच्या मुलांसाठी एक ओळ : ग्रीन कार्डच्या अर्जात पोलिसांनी कधी तिकीट दिलंय का, अशा अर्थाचा प्रश्न असतो. तिकीट उडालं तरी लपवू नका, आणि वकिलाला विचारूनच तो रकाना भरा.

नाशिकच्या मुलाला न्यायाधीशांनी नीट संधी दिली होती. वकील हवा का विचारलं, दाखवायला काही आहे का विचारलं. तो म्हणाला, बर्फ होता, नैसर्गिक होता. दाखवायला काही नाही. गिल्टी ठरला. निकालापासून वीस दिवसांत वरच्या कोर्टात अपील करता येतं, पण तिथे खालच्या कोर्टात जे आलं त्यावरूनच विचार होतो, नवा पुरावा सहसा चालत नाही.

फोनवर बोलता बोलता मी सहज विचारलं, "अरे, त्या दिवशी फोटो काढले होतेस का?" म्हणाला, "इन्शुरन्ससाठी काढले होते, पाठवू का?" पाठवले. सकाळी ६:५२ ची वेळ. रॅम्प कोरडा ठणठणीत, कडेच्या उतारावर गवताला पांढरं दव. आणि उतारावरच्या एका फटीतून निघून रॅम्प आडवा ओलांडणारा, वीतभर रुंदीचा, दिव्याच्या उजेडात चकाकणारा बर्फाचा एकच पट्टा.