‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी आणि यादीतलं नाव

परळच्या कट्ट्यावर परवा औषधांवरून वाजलं. नंदूचं औषधाचं दुकान, रुग्णालयातल्या चिठ्ठ्या रोज त्याच्या हातात. तो म्हणाला, “मत देऊन गोळ्या मिळत नाहीत. मार्च 2022 नंतर मुंबई पालिकेत पावणेचार वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. बंद पडली का रुग्णालयं?”

शुभांगी परिचारिका. “बंद नाही पडली, पण औषध का संपलं हे भर सभागृहात विचारणारंही कोणी नव्हतं.”

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. पालिकेची औषधं मध्यवर्ती खरेदी खात्यातून येतात. दरकराराला, म्हणजे ठरल्या भावाने औषध पुरवण्याच्या कराराला, मुदत असते. ती संपायच्या आत नवी निविदा निघाली नाही, की साठा आटतो. मग रुग्णालय स्थानिक खरेदी करतं, पण तिला रकमेची मर्यादा, आणि थोडा माल घेतला की भाव चढा. पुरवठादाराची बिलं थकली तर येणारा मालही अडतो. शेवटी पेशंटच्या हातात चिठ्ठी, ‘बाहेरून आणा’.

“ओपीडीतल्या डॉक्टरवर ओरडून काय होणार? त्याच्या हातात निविदा नसते. नगरसेवकाला विचारायला लावायचं ते नेमकं: अमुक औषधाचा दरकरार कधी संपतोय, नवी निविदा कुठल्या टेबलावर आहे, साठा किती दिवसांचा आहे. ‘सोयी सुधारा’ असं निवेदन दिलं, तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं.”

दिनकरकाका पालिकेतूनच निवृत्त झालेले. ते म्हणाले, “2025-26चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं होतं, त्यातले साधारण 10 टक्के आरोग्याला. पैसा आहे, पण मंजूर पदं रिकामी राहिली तर यंत्र येतं आणि चालवायला तंत्रज्ञ नसतो. आयुक्त फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात, मग ते स्थायी समितीत आणि सभागृहात जातं. आपली मागणी दिवाळीच्या सुमारासच लेखी द्यायला हवी, मार्चमध्ये देऊन काही हाती लागत नाही.”

आणि दार कुठलं ठोठवायचं तेही कळायला हवं. केईएम, शीव, नायर, कूपर पालिकेची. जे.जे. आणि कामा राज्य सरकारची, महात्मा फुले जनआरोग्य योजनाही राज्याचीच. विधानसभेला मत द्यायचं आणि पालिकेच्या दिवशी घरी बसायचं, म्हणजे आपलं सगळ्यात जवळचं रुग्णालय वाऱ्यावर सोडणं, असं मला वाटतं.

नंदू हटेना. “एका मताने काय होतं?”

“एका मताचं राहू दे, दर वेळचं बोल,” काका म्हणाले. “2012ला 45 टक्क्यांच्या आसपास मतदान, 2017ला 55, जानेवारी 2026ला निम्म्याहून थोडं वर. मत कोणाला दिलं ते गुप्त असतं, पण दिलं की नाही ते नाही. मतदान केंद्रात बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी मतदार यादीवर नावापुढे खूण करत जातात. कुठली चाळ दर वेळी उतरते आणि कुठला टॉवर कधीच उतरत नाही, हे त्यांना पाठ असतं. दवाखान्याच्या वेळा वाढवायच्या, तर पहिला फोन कोणाचा उचलला जाईल?”

नंदू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या चाळीचा पुनर्विकास चाललाय. निम्मी घरं भाड्याने विरारला, बदलापूरला. त्यांची नावं?”

इथे काका खुर्ची पुढे ओढून बसले. नवं नाव फॉर्म 6, वगळायचं फॉर्म 7, पत्ता बदलायचा फॉर्म 8. पुराव्याला वीजबिल, पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी वर्षात चार तारखा: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. खरी गोची पुढे. पालिकेची यादी वेगळी बनत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी फोडून ती प्रभागनिहाय करतात. प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीवर हरकतीला मोजके दिवस मिळतात, त्यात चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त होतं, नवं नाव चढत नाही. म्हणून निवडणूक नसलेल्या वर्षी यादी बघायची.

“पण नाव जिथे राहतो तिथेच हवं ना?” शुभांगीने विचारलं.

“हो. विरारला राहतोस तर फॉर्म 8 भरून तिकडे, परत आलास की पुन्हा फॉर्म 8 भरून इकडे.”

“मग मधल्या वर्षांत परळच्या दवाखान्याबद्दल बोलणार कोण?” नंदूने विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. “जे मागे राहिलेत ते. किती जण आहेत, उद्या यादी घेऊन मोजू.”