‘तिळिलिल्ल’ म्हणायला मला दीड वर्ष लागलं

रविवारी भावाकडं गेले होते. भाची यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. खानापूरहून रोज बेळगावला जाऊन-येऊन करते. जेवताना म्हणाली, "आत्या, अकौंटन्सीचं काय बी कळंना बघ." सरांना विचारलंस का म्हटलं, तर ताटातला भात चिवडत बसली. मागून वहिनी म्हणाली, "ती कुठलं विचारतीया! लाजते."

लाजते हे खरं नाही. मला माहीत आहे, कारण मीही तशीच ‘लाजत’ होते. दहावीपर्यंत मराठी शाळा. वर्गात पहिला-दुसरा नंबर, त्यामुळं मान वर. मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आलो आणि रातोरात सगळं इंग्रजीत. वर्गात सर इंग्रजी बोलणार, मध्येच विनोद कन्नडमध्ये करणार, पोरं हसणार, आणि आम्ही तिघी-चौघी मागच्या बाकावर इतरांकडं बघून अर्ध्या सेकंदानं हसणार. प्रश्न डोक्यात मराठीत तयार असायचा. तो इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर. चुकीचं बोललो तर? त्यापेक्षा गप्प बरं. पीयूसी पाठांतरावर निघाली, डिग्रीला मात्र ते चाललं नाही. पहिल्याच सेमिस्टरला एक विषय गेला.

घरी सांगितलं नाही. दोन महिने लपवलं. बाबांना कुठून तरी कळलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "परत बसायची फी किती?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी माझं घोडं अडलं होतं ते घसाऱ्यावर. पुस्तकातलं ‘डेप्रिसिएशन’ मी व्याख्येसकट पाठ केलं होतं, पण गणित आलं की हात थांबायचा. शेवटी आमच्याच पॉवर टिलरवर करून बघितलं. समजा टिलर 80,000 ला आणला आणि वर्षाला 10 टक्के घसारा. पहिल्या वर्षी 8,000 गेले, राहिले 72,000. दुसऱ्या वर्षी 10 टक्के या 72,000 वर, म्हणजे 7,200. आणि सरळ पद्धत धरली तर दर वर्षी तेच 8,000. एवढंच होतं ते! आजी म्हणायची ना, वापरलं की झिजतं. त्या दिवसापासून प्रत्येक तासानंतर आठ-दहा ओळी मराठीत लिहायला लागले, मग त्यातले धंद्याचे शब्द इंग्रजीत बदलायचे. पेपर इंग्रजीतच लिहिला, पण समजून घ्यायचं काम आपल्या भाषेत केलं. मराठी माध्यमाच्या पोरांना ‘आता मराठी विसरा, इंग्रजीतच विचार करा’ असा सल्ला देणाऱ्यांचं मला आजही पटत नाही. आधी कळू दे की.

आता कन्नडचं. यावर शिव्या पडतील, पडू देत.

कॉलेजच्या ऑफिसात एका कागदासाठी मी चार वेळा गेले. दर वेळी खिडकीतून "नाळे बर्री". उद्या या. मी मराठीत बोलायची, समोरून कन्नड यायचं, आणि मी तणतणत परत. पाचव्या वेळी गदगची मैत्रीण बरोबर आली. तिनं दोन मिनिटांत काम केलं. बसमध्ये तिनं मला एक वाक्य शिकवलं: "सर, तिळिलिल्ल, इन्नोम्मे हेळ्री." कळलं नाही, अजून एकदा सांगा. ते मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर वर्गात पहिल्यांदा म्हटलं. उच्चार बहुतेक वाईट होता. सर थांबले, हसले नाहीत, आणि फळ्यावर परत पहिल्यापासून केलं. तास संपल्यावर कन्नड माध्यमातून आलेल्या दोन मुली म्हणाल्या, बरं झालं विचारलंस, आम्हालाही कळलं नव्हतं. दीड वर्ष मला वाटत होतं की फक्त आम्हीच मागं आहोत.

गल्लीत काहीजण म्हणाले, काय गे, कन्नड शिकूलीस? हो, शिकले. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि कथा मराठीत लिहायचे. त्यांची मराठी काही पातळ झाली नाही. बेळगाव भाग महाराष्ट्राऐवजी कर्नाटकात गेला, त्याच्या निषेधाचा 1 नोव्हेंबरचा काळा दिवस आमच्याही घरात पाळतात. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण सेमिस्टर त्याच्या निकालासाठी थांबत नाही, आणि खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलता आलं नाही तर नुकसान मराठी पोराचंच होतं.

वेळेचं नियोजन वगैरे सांगणारे व्हिडिओ भाची बघते. ‘प्रवासात अभ्यास करा’ म्हणे. त्यांनी सकाळच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये एकदा एका पायावर उभं राहून दाखवावं. जून 2023 पासून बायकांना बस फुकट झाल्यावर गर्दी आणखी वाढली, पण पासाच्या पैशावरून पोरीचं कॉलेज बंद करायचं निमित्त गेलं, हे मी स्वतः दोन घरांत बघितलंय, म्हणून गर्दीबद्दल तक्रार करणार नाही. अभ्यास होतो तो दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात, लायब्ररीत. घरी पोचल्यावर होत नाही. पावसाळ्यात तर आमच्याकडं लाईटच नसते.

पोरांचं वेगळं दुखणं. बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीनं, आणि चित्ररथाच्या तालमी नेमक्या परीक्षेच्या तोंडावर. माझ्या वर्गातल्या एकाचे त्यापायी दोन विषय राहिले. पण त्यानंच मंडळाचं पावती पुस्तक तीन वर्षं सांभाळलं, वर्गणीचा पै न् पै जुळवला, रुसलेल्यांच्या दारात जाऊन पैसे आणले. आज त्याचं स्वतःचं टॅक्सचं ऑफिस आहे आणि अशिलांशी तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. मी ऑफिसात गुणपत्रिकेवर लागले, तो ओळखीवर उभा राहिला. तालमी सोड असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त 75 टक्के हजेरीचा हिशोबही त्याच वहीच्या मागं लिहीत जा.

तर भाची. स्कॉलरशिपचा अर्ज भरायचाय, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणजे नाडकचेरी, दाखले देणारी सरकारी कचेरी. "आत्या, तू चल, तू बोल," म्हणाली. चलते म्हटलं, पण खिडकीपाशी तू एकटी. मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसणार. काल रात्री तिचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "‘इन्नोम्मे’ का ‘इनोमे’? नीट लिहून पाठव."

पाठवलंय. सोमवारी जाणार आहोत.